१८९७ चा प्लेग : सोल्जर आणि डॉक्टर

कोरोनात "लष्कर बोलवा, चार दिवसांत सगळं सरळ होईल" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलं. पुण्यात हा प्रयोग एकदा होऊन गेलाय मंडळी.

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग थोड्याच महिन्यांत पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला आणि त्यानंतर रँडच्या हाती प्लेग कमिटी दिली गेली. कमिटीतले लष्करी डॉक्टर बेव्हरिज हाँगकाँगची १८९४ ची साथ पाहून आलेले. तिथे गोऱ्या सोल्जरांनी घरं तपासली होती. तोच कित्ता इथे गिरवला.

१३ मार्च ते १९ मे सोल्जर पेठापेठांतून घरात शिरत होते. रोगी दिसला की इस्पितळात, घरचे छावणीत, सामान जाळायचं, भिंतींना चुना फासायचा. बायकांच्याही काखा-जांघा तपासायच्या, देवघरात बुटासकट जायचं. मग लोकांनी काय केलं? रोगी लपवले. इस्पितळ म्हणजे मरणच, अशी धास्ती बसली. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आणि प्लेग? पुढच्या हंगामात परत आला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँने दाखवलं १८९८ मध्ये. सोल्जर शोधत होते माणसं.

आता दुसरं चित्र. त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. डॉक्टर होता त्यांचा दत्तक मुलगा यशवंत. तोही लष्करी नोकरीतलाच! मुंढव्याजवळच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सोल्जरांची झडती सुरू झाली ती त्यानंतर तीनच दिवसांनी.

म्हणजे लष्करातला माणूस दोन्हीकडे होता. एकीकडे त्याच्या हातात झडतीचा हुकूम, दुसरीकडे रोग्याची नाडी. एका दारातून लोक पळाले, दुसऱ्या दारात माणसं पाठीवर आणली गेली.

तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये आपल्यावर पुन्हा लागू झाला. पुढची साथ कधीतरी येणारच. तेव्हा लष्कराचे तंबू, खाटा, डॉक्टर, नर्स जरूर मागा. पण दारावर बंदूकवाला मागताना आपल्याच पेठांमध्ये काय झालं होतं, ते एकदा आठवा.