एका केगमधून दुसऱ्या केगमध्ये सोडा कसा भरायचा? (गॅस न घालवता)

मे महिना, चुलतभावाची हळद धुळ्याला. जळगावहून 19 लिटरचा सोड्याचा केग गाडीत मावेना, म्हणून अर्धा सोडा 9 लिटरच्या केगमध्ये काढायचा ठरवला. दोन्ही झाकणं उघडली आणि सरळ ओतला. जोरात फसफसला, मला वाटलं भारीच झालाय! एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. भावाने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "भाऊ, हाई ते नुसतं पानी शे!"

चुकलं कुठे?

केग म्हणजे दाब सहन करणारी स्टीलची टाकी. तिला दोन तोंडं असतात: एक गॅसचं, दुसरं सोड्याचं. सोड्याच्या तोंडाची नळी आत तळापर्यंत जाते.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड टिकतो तो दाब आणि गारवा यांच्या जोरावर. दाब जास्त तर विरघळलेला गॅस जास्त, हा नियम विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडला. तापमानाचं गणितही बघा. साध्या वातावरणीय दाबाला एक लिटर पाण्यात 0 अंशाला साधारण 3.3 ग्रॅम गॅस मावतो, 20 अंशाला 1.7 आणि 40 अंशाला जेमतेम 1 ग्रॅम. मी खानदेशातल्या मे महिन्यात झाकण उघडून दाबही घालवला आणि गारवाही.

गोटी सोडा आठवा. हिरम कॉड यांच्या 1872 च्या या बाटलीत आतला गॅसच गोटीला रबराच्या रिंगवर दाबून धरतो. गोटी ढकलली की दाब उतरतो आणि फस्स! आपल्याला नेमकं हेच टाळायचंय.

योग्य पद्धत

1. दोन्ही केग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गरम केगमध्ये शिरताच सोडा फसफसतो.
2. रिकाम्या केगमध्ये गॅस भरून, सोडून हवा बाहेर काढा. मग भरलेल्या केगइतकाच दाब द्या. तिथे 30 पीएसआय, तर इथेही 30.
3. सोड्याचं तोंड सोड्याच्या तोंडाला नळीने जोडा. म्हणजे केग तळातून, शांतपणे भरतो.
4. भरलेल्या केगला रेग्युलेटरमधून 30 पीएसआय चालू ठेवा. रिकाम्याचा रिलीफ व्हॉल्व्ह किंचित उघडा. दोघांत 2-3 पीएसआयचा फरक पुरे. घाई केली की फेस.
5. छोटा केग वजनकाट्यावर ठेवा. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो. वजन 8 किलोने वाढलं की थांबा.

हे वाचल्याशिवाय करू नका

- दुधाची कॅन किंवा पाण्याचा जार वापरू नका. दाबाने फुटतात.
- रेग्युलेटरशिवाय सिलिंडर जोडू नका. 20 अंशालाच आत सुमारे 57 बार दाब असतो, म्हणजे 800 पीएसआयच्या वर. उन्हात तो झपाट्याने वाढतो, म्हणून सिलिंडर तापलेल्या गाडीत ठेवू नका.
- खिडक्या उघड्या ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत खाली साचतो आणि माणूस गुदमरू शकतो.

बिअरलाही हीच पद्धत लागते. पण महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, त्यामुळे घरी प्रयोग सोड्यावरच करा.

लग्नाच्या दिवशीचा केग मी याच पद्धतीने भरून, बर्फात ठेवून नेला. भाऊ या वेळी काही बोलला नाही. नाकात झिणझिण्या आल्या होत्या ना!