नाकातला आडपडदा

मराठी माणसाच्या अब्रूचा सगळा व्यवहार नाकावर चालतो. नाक कापलं जातं, नाक खुपसलं जातं, नाकाने कांदे सोलले जातात. पण हे सारं बाहेरच्या नाकाचं. त्या बाबतीत आपण पुढारलेले होतो. पुण्यात एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून कावसजी नावाच्या माणसाला नवं नाक बसवलं, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासकट छापली. आतल्या पडद्याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

हा पडदा पुढे लवचीक कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा; दोन्ही अंगांना अस्तर. तो फार वाकला की एक नाकपुडी बंद. याला आपल्याकडे ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात. वाढलेलं बहुधा काही नसतं. आमच्या पगारासारखं तेही आहे तिथेच असतं, फक्त वाकडं. माझा पडदा डावीकडे वाकला आहे. मी तोंड उघडं टाकून झोपतो आणि घरातले जागे राहतात. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून संमतीचा कागद पुढे केला. आता, बँकेत वीस वर्षं काढलेला कारकून मागचं खातं तपासल्याशिवाय सही करील काय? मी जुन्या नोंदी काढल्या.

पहिली नोंद १७५७ सालची. क्वेल्माल्ट्झ नावाच्या जर्मन वैद्याने सांगितलं, पडदा रोज बोटाने दाबून सरळ करावा. नाकात बोट घालण्याला शास्त्राचा एवढा भक्कम आधार पुन्हा मिळाला नाही. पुढे १८७५ मध्ये अ‍ॅडम्सने पडदा मोडून, सरळ करून, आधार देऊन ठेवायचा घाट घातला. न्यूयॉर्कच्या बॉसवर्थने तर बारीक करवत घेतली आणि आडवा येणारा भाग अस्तरासकट कापला. अस्तर गेलं की पडद्याला आरपार भोक पडायची भीती, आणि मग श्वास घेताना शिट्टी!

हे सगळं सहन कसं होत होतं, ते ती माणसंच जाणोत. १८८४ साली व्हिएन्नात कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि लगेच नाकवाल्यांनी ते उचललं. दुखणंही कमी, रक्तही कमी. (कोकेनचा अभ्यास आधी कोलरचा मित्र फ्रॉइड करत होता, पण तो नेमका वाग्दत्त वधूला भेटायला गेला. लग्न ठरलेल्या माणसाचं असंच होतं.)

आता घाई नव्हती. शिकागोच्या फ्रीअरने १९०२ मध्ये आणि फ्रायबुर्गच्या किलियनने १९०४ मध्ये खरी युक्ती मांडली: कोटाचं अस्तर उसवावं तसं दोन्हीकडचं अस्तर अलगद सोडवायचं, मधली वाकडी कूर्चा आणि हाड काढायचं, आणि अस्तर पुन्हा मिटवायचं. हा किलियन मोठा हिकमती. १८९७ साली त्याने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा नळी घालून काढला होता. त्याने पडद्याची वरची आणि पुढची साधारण एकेक सेंटिमीटरची पट्टी राखायला सांगितलं. आमच्या भाषेत किमान शिल्लक. ती ज्यांनी मोडली त्यांच्या रोग्यांचं नाक मधेच खचून खोगिरासारखं झालं. उरलेलं नुसतं अस्तर काहींच्या नाकात श्वासाबरोबर पडद्यासारखं फडफडायचं ते वेगळंच.

हा ओव्हरड्राफ्ट थांबवण्यात मोठा वाटा शिकागोच्याच मॉरिस कॉटलचा. १९४०च्या दशकापासून तो सांगू लागला की कूर्चा फेकू नका. नडते तेवढीच काढा, बाकीची सैल करून मधोमध बसवा, काढलेली सरळ करून परत ठेवा. मला हा माणूस फार आवडला. मी डॉक्टरांना एकच विचारलं, ‘‘किती काढणार?’’ ते म्हणाले, ‘‘आडवं येतं तेवढंच.’’ मी सही केली.

१९९१ पासून हेच काम दुर्बीण घालूनही करू लागले. पण ऑपरेशनपेक्षा लोक भितात ते नंतरच्या बोळ्यांना. लांबच लांब पट्टी नाकात ठासायची आणि एक-दोन दिवसांनी ओढून काढायची. जादूगार टोपीतून रुमाल काढतो तशी, फक्त टोपीला दुखत नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी अस्तराची दोन्ही अंगं विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात, किंवा सिलिकॉनच्या चपट्या पट्ट्या ठेवतात. माझ्या नाकात यांपैकी काय ठेवायचं, ते टेबलावर ठरणार आहे म्हणे.