परतीच्या पावसात घर कसं सांभाळाल? सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

सप्टेंबर सरत आला की पावसाळा संपल्यासारखा वाटतो. पत्र्यावरची ताडपत्री निघते, गाद्या-रजया उन्हात पडतात. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही कोसळतो. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांचा मोठा पाऊस तर याच दिवसांतला. 2020 मध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर असाच पाऊस सांगली-सोलापूर भागात झोडपून गेला.

तोवर भिंतींनी चार महिने पाणी प्यायलेलं असतं, जमीन मुरून भरलेली असते. म्हणून तासाभराची सरही घरात ओल आणते. मधल्या उघडिपीत पुढची कामं उरकून घ्यावीत.

छत आणि गच्ची
• गच्चीवरच्या पाइपांची तोंडं पाला, माती, प्लास्टिक काढून मोकळी करा. बादलीभर पाणी ओतून बघा. साचलं, तर तिथूनच गळती सुरू होणार.
• कठड्याच्या बुडाशी आणि टाकीखाली भेगा असतात. त्या कोरड्या झाल्यावरच भरा. ओल्या भेगेत भरलेलं सिमेंट किंवा केमिकल धरत नाही.
• पत्र्याचे हूक आणि वायसर तपासा. सरकलेली कौलं नीट बसवा.

भिंती
जुन्या गावठाणातल्या दगड-मातीच्या घरांना बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल कोंडते आणि भिंत फुगते. तिथे माती किंवा चुन्याचा गिलावाच बरा. कृष्णाकाठची काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात. भिंतीलगत पाणी साचू देऊ नका, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे मागे बुरशी धरत नाही.

नदीकाठी राहत असाल तर
महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटातला पाऊस कराडवरून सांगलीत येतो. त्यामुळे आपल्या गल्लीत ऊन असतानाही नदी चढू शकते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धरणं भरलेली असताना विसर्गाच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. पाणी अंगणात येण्याआधी मेन स्विच बंद करा. धान्याचे डबे, फ्रिज, शिलाई मशीन उंचावर घ्या. संडास आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पोती ठेवा, कारण पुरात गटाराचं पाणी उलटं घरात शिरतं.

कागदपत्रं
भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, जुना कागद मिळत नाही. बागवान, आतार, तांबोळी, मुलाणी अशा ओबीसी बिरादऱ्यांना जातीच्या दाखल्यासाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. बऱ्याच घरांत तो म्हणजे दादांच्या शाळेचा एकच पिवळा पडलेला दाखला. तो, निकाहनामा, घराचा उतारा, रेशनकार्ड, पासबुकं असं सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरच्या फळीवर ठेवा. मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा. कागद भिजलाच, तर कडक उन्हात टाकू नका आणि चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत, पंख्याखाली सुकवा.

पाणी ओसरल्यावर
वायरमनने तपासल्याशिवाय लाईट लावू नका. साफसफाईआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो घ्या. गावात तलाठ्याला, शहरात पालिकेला कळवून पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. घराचा विमा असेल, तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. शेजारी एकटी राहणारी वयस्कर मंडळी असतील, तर त्यांचाही अर्ज सोबतच भरून द्या.