वारस दाखला: खानदेशाची वहिवाट

घरातला कर्ता माणूस गेला, दिवसकार्य आटोपले, की कागदांचा विषय निघतो. सातबाऱ्यावरचे नाव, जिल्हा बँकेतले खाते, विविध कार्यकारी सोसायटीचे शेअर, क्वचित एखादे मृत्युपत्र. वकील लावायचा की आपणच हेलपाटे घालायचे, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या घरांत तेव्हाच उभा राहतो. बहुतेकांची समजूत अशी, की कोर्टाचा शिक्का पडेपर्यंत वारस हा वारसच नव्हे आणि शिक्का वकिलाशिवाय पडत नाही. खानदेशातल्या कायद्याचा दोनशे वर्षांचा इतिहास या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. या मुलखात कायद्याने वारसाकडे वकील मागितला नाही. त्याने मागितली ती जाहीर वाच्यता.

1818 मध्ये पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले. त्याआधी वारशाचे तंटे गोतासमोर, पंचायतीत सुटत आणि निकालाचा महजर, म्हणजे लेखी निवाडा, होई. ज्यांच्या नावाने धुळ्यात 1927 मध्ये संशोधन मंडळ उभे राहिले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी छापलेल्या दप्तरांत असे कागद आहेत. चार लोकांदेखत झालेली गोष्ट पक्की, हे त्यामागचे तत्त्व. 1827 मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई सरकारने कायदे संहिताबद्ध केले आणि त्यांतल्या 29व्या रेग्युलेशनने दख्खन व खानदेश त्या कायद्यांखाली आणले. वारशासाठी होते 8वे रेग्युलेशन. त्याचे पहिलेच कलम सांगते, की वारसाने कोर्टाची आगाऊ मान्यता न घेताही मिळकतीचा कारभार हाती घ्यावा, येणे वसुलीसाठी दावाही लावावा. रीतसर मान्यता हवी असेल तरच अर्ज करायचा. अर्ज आला की न्यायाधीशाने जाहीरनामा काढायचा: कोणाची हरकत असल्यास एका महिन्यात कोर्टात हजर व्हावे. म्हणजे जुन्या महजराचा गाभा नव्या कायद्यातही टिकला. हे रेग्युलेशन महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि वारस दाखला आजही त्याच्याच आधारे मिळतो.

मुंबई शहराची गोष्ट वेगळी होती. 1870 च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने तिथल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचे केले आणि 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या 213व्या कलमाने ती सक्ती चालू ठेवली. सॉलिसिटरचा पेशाही मुंबई हायकोर्टाच्या आश्रयाने वाढला. खानदेशातल्या हिंदू कुटुंबाला ही सक्ती नव्हती. जळगावच्या व्यापाऱ्याची मुंबईत जागा असेल, तरच त्या जागेपुरती ती लागू होई. बँकेतल्या ठेवी, रोखे आणि येणी यांच्यासाठी 1889 च्या कायद्यापासून चालत आलेले उत्तराधिकार प्रमाणपत्र आहे. तेही हक्क ठरवत नाही. त्याच्या भरवशावर प्रामाणिकपणे पैसे देणाऱ्याला संरक्षण देते. शेतजमिनीची वारस नोंद तर तलाठ्याकडेच होते. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वर्दी द्यायची, नोटीस निघते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. इथे वकिलाचे काम नाही.

यावर गंभीर आक्षेप असा, की घरच्या घरी काम उरकले तर बहिणींची नावे गळतात. तो खरा आहे. कोर्टाच्या फलकावर चिकटवलेला किंवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानात छापलेला जाहीरनामा नंदुरबारकडे सासरी असलेल्या बहिणीपर्यंत पोचतोच असे नाही. मुलींना 1994 मध्ये महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात हक्क दिला, तरी हक्कसोड पत्रावर सही करून घेण्याची रीत सुटलेली नाही. पण यावर वकील हा उपाय नव्हे. वकील अर्जदाराचा असतो. भावाने दिलेल्या वंशावळीवरूनच तो अर्ज लिहितो. उपाय आहे तो पूर्ण वंशावळ आणि प्रत्येक वारसाच्या हाती पोचलेली नोटीस. दुसरा आक्षेप कायद्याच्या गुंतागुंतीचा. मृत्युपत्रावर वाद असेल, दुसऱ्या लग्नाची संतती असेल, जमिनीवर कूळ असेल, तर वकिलावाचून निभाव नाही. भिल्ल, पावरा, कोकणा या अनुसूचित जमातींना 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागूच नाही; तिथे रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि तिथेही जाणकार वकील हवा. तंटा असेल तिथे वकील, एकमत असेल तिथे स्वतः, ही विभागणी 1827 च्या रेग्युलेशनच्या वृत्तीला धरूनच आहे.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 213वे कलम वगळले. खानदेशाला जी मोकळीक जवळपास दोनशे वर्षे होती, ती आता मुंबईलाही मिळाली. मोकळीक मिळाली म्हणजे जबाबदारी घरावर आली. वारसांचे एकमत असेल तर अर्ज स्वतः करा, पण वंशावळीत आईचे, बहिणींचे, मयत बहिणीच्या मुलांचे नाव आधी लिहा. आणि ज्या बहिणीचे नाव गाळले गेले असेल, तिने जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे: 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.