हातोड्याचा ठसा: चांदा-गडचिरोलीच्या जंगलातील खुणांचा इतिहास

एखाद्या व्यवसायाची ओळख पटवणाऱ्या छोट्या आकृतीला आज ‘लोगो’ किंवा बोधचिन्ह म्हणतात, आणि त्या आकृतीला जोडून रंग, अक्षरांचे वळण व वेष्टन यांची जी एकसूत्री मांडणी केली जाते तिला ‘ब्रँडिंग’ हे नाव रूढ झाले आहे. ही कला मोठ्या शहरांतील जाहिरात संस्थांनी खेड्यापाड्यांपर्यंत आणली असा समज सर्वत्र असला, तरी चंद्रपूर, म्हणजेच पूर्वीचे चांदा, आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांपुरता तो अपुरा आहे. येथे खूण प्रथम उमटली ती गिऱ्हाईक मिळवण्यासाठी नव्हे, तर हक्क सांगण्यासाठी. ब्रँड या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जळते लाकूड आणि डागणी आहे, आणि गुराच्या अंगावर मालकीची खूण उठवण्याला मराठीतही ‘डागणे’ असाच शब्द आहे. मालकी आणि ओळख या दोन गोष्टी या प्रदेशात दीर्घकाळ एकाच खुणेत नांदत होत्या.

अशा जुन्या खुणांपैकी आजही डोळ्यांसमोर असलेली एक खूण चंद्रपूरच्या परकोटावर आहे. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेल्या या तटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे असून दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. निसर्गातील प्रमाण बाजूला ठेवून शिल्पकाराने सिंहाला दिलेला वरचष्मा, आणि अक्षर न वाचता येणाऱ्या वाटसरूलाही ‘येथून पुढे कोणाचे राज्य’ हे कळावे असा साधा आशय, या दोन गोष्टींत चिन्हरचनेचे मर्म आले आहे. 1751 मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. राज्य सरले, परंतु दगडातील सिंह राहिला आणि कालांतराने तो शहराचीच ओळख ठरला.

भोसल्यांचे राज्य 1854 च्या सुमारास इंग्रजांकडे गेल्यावर आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर सत्तेची खूण तटावरून थेट झाडावर आली. अहेरी, आलापल्ली, सिरोंचा या भागांतील सागवानावर सरकारचा हक्क प्रस्थापित करायचा, तर हजारो झाडांपैकी कोणते तोडायचे आणि कोणते राखायचे हे जंगलातच, झाडाच्या अंगावर लिहून ठेवणे भाग होते. वनखात्याने त्यासाठी जे साधन वापरले त्याला कर्मचारी आणि मजूर दोघेही आजतागायत ‘हॅमर’ म्हणतात. हॅमर म्हणजे शिक्क्याचा हातोडा: त्याच्या लोखंडी तोंडावर अक्षरे किंवा आकृती उलटी आणि उठावाची कोरलेली असते, कुऱ्हाडीने झाडाची साल तासून आतले लाकूड उघडे केले जाते, आणि त्या ओल्या, फिकट जागेवर एकच नेमका घाव घातला की चिन्ह सुलटे उमटते. तोडीसाठी निवडलेल्या झाडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत हा ठसा मारण्यामागे सूक्ष्म विचार आहे, कारण झाड पडल्यावर खोड वाहून नेले जाते, पण खुंट जागेवरच राहतो, आणि मागाहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ज्या खुंटावर ठसा नाही ते झाड चोरीचे, हे चटकन ओळखता येते. तोडलेल्या नगाच्या, म्हणजे ओंडक्याच्या, कापलेल्या तोंडावर पुन्हा हॅमर बसतो आणि त्याच्याजवळ नगाचा क्रमांक, लांबी व गोलाई लिहिली जाते.

चिन्हरचनेच्या दृष्टीने हा हातोडा विशेष अभ्यासण्याजोगा आहे. तोंड लहान, म्हणून अक्षरे मोजकी. लाकडाच्या रेषांत बारीक वळणे बुजतात, म्हणून रेघ जाड. रंगाचा आधार नाही, म्हणून आकार स्वतःच्या बळावर ओळखू यायला हवा. आजचा रेखाटनकार बोधचिन्ह प्रथम एका रंगात आणि अगदी लहान आकारात तपासून पाहतो तेव्हा तो याच अटी स्वतःवर घालून घेत असतो. जंगलात मात्र त्या लोखंडाने आणि लाकडाने घातल्या होत्या.

खुणेमागे कायद्याचे बळ होते. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 41 खाली वनोपजाच्या वाहतुकीचे आणि खाजगी मालकीचिन्हांच्या नोंदणीचे नियम करता येतात. कलम 63 नुसार गैरलाभ मिळवण्याच्या किंवा हानी पोचवण्याच्या हेतूने लाकडावरील वनखात्याच्या खुणेची नक्कल करणाऱ्यास किंवा ती पुसून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठरवली गेली. त्याहून दूरगामी आहे कलम 45. नोंदणी न झालेली किंवा मिटवलेली खूण असलेले लाकूड, आणि शासन ज्या भागासाठी तसे ठरवील तेथील बिनखुणेचे सर्व लाकूड, दुसऱ्याने हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचे मानले जाते. ज्या माडिया आणि गोंड गावांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलातून घरासाठी आडे-वासे आणि नांगरासाठी लाकूड आणले, त्यांच्याकडे नोंदलेली खूण नव्हती. त्यांचा हक्क रूढीत आणि स्मरणात होता. तो कागदावर वा लोखंडावर नसल्यामुळे कायद्याला दिसलाच नाही. या प्रदेशातील खुणांच्या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय या न दिसण्यात आहे.

तेंदूपत्त्याची कथा याच्याशी समांतर चालते. उन्हाळ्यात गावे पहाटेच जंगलात जातात आणि सत्तर पानांचा एक पुडा याप्रमाणे पाने मोजून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, देतात. या पानांत वळलेल्या विडीच्या बंडलावर चिकटणारे रंगीत लेबल मात्र दूरच्या कारखान्याचे असते. प्राणी, आकडा किंवा मालकाचे छायाचित्र अशा ठळक चित्रांमुळे निरक्षर गिऱ्हाईकही आपली ‘छाप’ मागू शकते, आणि म्हणूनच विडीचे लेबल ही भारतातील लोकाभिमुख चिन्हरचनेची मोठी शाळा ठरली. पण ज्या गावाने पान खुडले त्याचे नाव त्या लेबलावर कधीच नव्हते.

या प्रदेशाने स्वतःचे नाव स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिले ते झाडीपट्टी रंगभूमीत. धानाची कापणी उरकल्यावर रात्रभर चालणाऱ्या या नाटकांच्या मंडळ्यांचे केंद्र देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथे आहे, आणि नाटकाच्या फलकावर नटांच्या चेहऱ्यांबरोबर ‘रंगभूमी, वडसा’ ही अक्षरे झळकली की प्रेक्षकाला प्रयोगाची जात कळते.

हक्काची खूण गावाच्या हाती येण्यास मात्र 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क मिळवल्यानंतरही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना, ज्याला व्यवहारात ‘टीपी’ म्हणतात, वनखात्याकडेच राहिला होता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवण्यात आले, आणि वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीने असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीला असल्याचे स्पष्ट केले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या परवान्यावर बांबूचा ट्रक नाका ओलांडू लागला, ही या खुणांच्या इतिहासातील क्रांती होती.

आज चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत मोह, मध वा बांबूच्या वस्तूंसाठी बोधचिन्ह करून देणाऱ्या स्वतंत्र रेखाटनकाराचे काम या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. वाघाचा पंजा किंवा सागाचे पान काढणे सोपे आहे, पण वस्तू कोणाची, ती कोणी गोळा केली आणि तिच्यावर नाव घालण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न पेन्सिल उचलण्याआधी विचारले गेले तरच ते चिन्ह या मातीतले ठरते. अशी खूण किती सहज हरवते हेही पाहावे: मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान समारंभपूर्वक रवाना झाले. आरागिरणीत नगाचे तोंड प्रथम छाटले जाते. हॅमरचा ठसा आणि क्रमांक त्या चकतीबरोबर बाजूला पडतात, आणि तासलेल्या दारावर चांद्याच्या जंगलाची कोणतीही खूण उरत नाही.