फऱ्या व आंत्रविषार : पावसाळ्यापूर्वीच लसीकरण करा

अमरावती, अकोला भागात पहिल्या पावसानंतर दोन तक्रारी हमखास येतात. धष्टपुष्ट गोऱ्हा एकाएकी लंगडतो आणि दगावतो. किंवा संध्याकाळी चांगले असलेले शेळीचे पिल्लू सकाळी मरून पडलेले दिसते. पहिला बहुधा फऱ्या (काही ठिकाणी एकटांग्या म्हणतात), दुसरा आंत्रविषार. दोन्हींच्या मुळाशी क्लॉस्ट्रिडियम गटाचे जिवाणू असतात. हे प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात आणि त्यांचे बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकतात. त्यामुळे एकदा रोग झालेल्या कुरणात तो पुन्हा येतो.

फऱ्या साधारण सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, चांगल्या अंगाच्या गोवंशात जास्त दिसतो. जोराचा ताप येतो, मांडी किंवा खांद्यावर सूज येते. सूज सुरुवातीला गरम व दुखरी, नंतर थंड पडते. दाबल्यास आतल्या वायूमुळे चरचर आवाज येतो. जनावर एक-दोन दिवसांत दगावते. सुरुवातीलाच पशुवैद्यकाने पेनिसिलिन दिले तर काही जनावरे वाचतात. सूज घशाखाली असेल तर घटसर्पाचा संशय घ्यावा. तो वेगळ्या जिवाणूचा रोग आहे, मात्र दोन्हींची एकत्रित लसही मिळते.

आंत्रविषारात कोवळा चारा किंवा धान्य एकदम जास्त खाल्ले की आतड्यातील जिवाणू झपाट्याने वाढून विष सोडतात. आपल्याकडे पावसाळ्याइतकाच धोका सोयाबीन-तुरीच्या काढणीनंतर असतो. शेतात, खळ्यावर सांडलेल्या दाण्यांवर शेळ्या तुटून पडतात. बेरारी शेळ्यांचे कळप मोकळे चरत असल्याने हे नेहमीचेच. कळपातले सर्वांत गुटगुटीत पिल्लू आधी जाते. झटके येतात, मान मागे ओढली जाते, कधी हगवण लागते. उपचाराला वेळ क्वचितच मिळतो. म्हणून कळप शेतात सोडण्यापूर्वी थोडा वाळलेला चारा खाऊ घाला.

दोन्ही लसी मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी द्या, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. आंत्रविषाराची लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा आवश्यक. बरेच जण ती टाळतात. पुढे दरवर्षी लस द्या. लस बर्फातच आणावी.

खच्चीकरण, शिंगाची जखम किंवा घाण नाळ यांतून धनुर्वात होतो. तोही याच गटातला. जखमेला शेण-माती लावू नका.

मेलेले जनावर फाडू नका, कातडे काढू नका. नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल तर तो फाशी रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. पशुवैद्यकाला कळवून, पाण्यापासून दूर सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.