कंस न केलेली नावे

काही महिन्यांपूर्वी आम्ही आमचे संकेतस्थळ व टपाल एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे हलवले. सारे सुरळीत चालू लागले, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पुढे सहज डीएनएसच्या नोंदी उघडल्या, तर जुन्या बिऱ्हाडाच्या पाच नोंदी जागच्या जागी होत्या. महाजालावरील नाव पुसण्याचे काम मुळात कोणाचे, हा प्रश्न तेव्हा पडला.

एकेकाळी याचे उत्तर सोपे होते. अमेरिकेतील अर्पानेटवरच्या संगणकांची नावे व पत्ते 'होस्ट्स.टीएक्सटी' या एकाच फाइलीत असत. मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेचे माहिती केंद्र ती सांभाळी. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नाव घालायचे वा काढायचे, तर त्या कचेरीला कळवावे लागे. इतर संगणक फाइलीची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी फाइलही वाढली आणि ती नेणारेही वाढले. वितरणाचा भार संगणकसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चढू लागला.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ व ८८३ या मसुद्यांत तोडगा मांडला. १९८७ मध्ये १०३४ व १०३५ यांनी त्याला आजचे रूप दिले. एका दप्तराची अनेक दप्तरे झाली; ज्याचे डोमेन, त्याची नोंदवही. प्रत्येक नोंदीला सेकंदांत मोजलेली मुदतही मिळाली. ८६४०० म्हणजे एक दिवस. पण ही मुदत इतरांनी साठवलेल्या प्रतींची. मूळ नोंदीला मरण नाही. मालकाने काढल्यावाचून ती जात नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला की कमी झालेल्या नावाला तलाठी कंस करी. येथे तलाठीही आपणच.

दुर्लक्षाची किंमत लहान नाही. आमच्या एका उपनावाची सीनेम नोंद जुन्या सेवेतील सोडलेल्या जागेकडे बोट दाखवत होती. अशी जागा दुसऱ्या कोणी मिळवली, तर त्याचा मजकूर आमच्या नावाखाली वाचकांसमोर येऊ शकतो. एसपीएफच्या नोंदीत जुन्या सेवादात्याचे सर्व्हर अद्याप होते. म्हणजे आमच्या नावाने टपाल धाडण्याची त्यांची मुभा कायम होती.

क्रम असा हवा: स्थलांतराआधी सर्व नोंदींची प्रत ठेवून मुदत कमी करावी, नवी सेवा पारखावी, मग जुन्या नोंदी काढाव्यात, त्यांची मुदत उलटू द्यावी आणि शेवटी जुनी सेवा बंद करावी. आम्ही सेवा आधी बंद केली होती.

पाचपैकी चार नोंदी त्याच दिवशी काढल्या. पाचवी कशासाठी घातली होती, हे आमच्यापैकी कोणालाच आठवेना. ती आठवडाभर तशीच ठेवली, जुनी पत्रे चाळली आणि मगच पुसली. आता प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी व का घातली, हे आम्ही एका साध्या वहीत लिहून ठेवतो.